कारभारीच्या बांधावरचा आपटा

७ जुलै १९४६, रविवार

चर्चमधल्या उपासनेहून आलो. पाळक कृपादानांनी तासभर नम्रतेवर उपदेश केला आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. गेल्या वर्षी हेडमास्तरची जागा त्यांच्या साडूला मिळाली, तेव्हापासून त्यांना माझ्या नम्रतेची फार काळजी लागून राहिली आहे.

असो. काल हॅलम साहेबांचं पत्र आलं. हे गृहस्थ जंगलखात्यातून निवृत्त झालेले, पुण्यात राहतात, आणि उभा जन्म पतंग, म्हणजे दिव्यावर येणारे पाखरू-किडे, गोळा करण्यात घालवलेला. मी त्यांना आपट्याची चार पानं पाठवली होती. या पानाच्या वरच्या आणि खालच्या कातडीच्या मधे एक बारीक अळी राहते. मधला गर खात ती पुढे सरकते आणि तिच्या मागे पांढरी नागमोडी रेघ उमटते. साहेब लिहितात की आपट्यावर अशी अळी कुणी नोंदवल्याचं त्यांच्या माहितीत नाही. पण नुसत्या रेघेवरून काही ठरत नाही. पानातून निघालेले पतंग हवेत, निदान सहा. अंड्यापासून पतंगापर्यंत किती दिवस लागतात ते हवं. शिवाय ती कोणत्या गावी सापडते आणि कुठे सापडत नाही याची यादी. साहेब डिसेंबरात कायमचे विलायतेला चालले. त्याआधी सगळं हाती आलं तर पतंगाला माझं नाव देऊ म्हणतात. लॅटिनमध्ये पारखे!

एक्केचाळीस वर्षांचा झालो. लिडिया जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही. बेलापूरपासून दोन कोसांवरच्या या वाडीत अठरा वर्षं तिसरीला भागाकार शिकवतो आहे. माझ्यामागे काय राहणार, तर हजेरीपटावरची सही. तेव्हा हे नाव मला हवं आहे. देवाला ठाऊक आहेच, मग वहीत लपवून काय करायचं.

झाड शाळेच्या मागे, कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर आहे. ती रेघ पहिल्यांदा दीनाला दिसली होती. दीना माझी धाकटी बहीण, लिडिया गेल्यापासून माझं घर बघते. पण दिसणं वेगळं आणि त्यातलं महत्त्व ओळखणं वेगळं.

१९ जुलै, शुक्रवार

पतंग निघावेत म्हणून बरणीत ठेवलेल्या अकराच्या अकरा अळ्या मेल्या. पानांना बुरशी आली. दीना परवाच म्हणाली होती, "दादा, झाकण काढून फडकं बांध, आत घाम धरलाय." मी म्हटलं, पुस्तकात घट्ट झाकण लिहिलं आहे. पुस्तक विलायतेचं, तिथली हवा निराळी असेल. आता फडकं बांधलं आहे. कुणालाही सुचली असती अशी गोष्ट, पण सांगून झाल्यावर गप्प राहून आपलं बरोबर होतं हे दाखवायची तिची जी तऱ्हा आहे, ती मला खपत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

यादीसाठी दर रविवारी उपासनेनंतर चालतो. आजवर दोनशे बारा आपटे पाहून झाले. बेलापूर, नदीकाठ, कालव्याची बाजू, राहुरीची वाट, स्टेशनापलीकडचं माळरान. सगळीकडे शून्य. एका वस्तीवर मला बिडीच्या पानांचा मुकादम समजले आणि कुत्रं सोडलं. धोतर फाटलं. विज्ञानासाठी धोतर फाडून घेणारा या तालुक्यात मी पहिलाच असेन.

पहाटे झाडाखाली दीना जाते. मला त्या वेळी आंघोळ, प्रार्थना, वह्या तपासणं असतं. ती येऊन सांगते आणि मी लिहितो. आज म्हणाली, अळी भरली की ऊन पडायच्या आधी कातडी कुरतडून बाहेर येते आणि पानाच्या दोन पाळ्या जिथे मिटतात त्या चुणीत बसून पांढरा कोष विणते.

"पान रात्री मिटतं ना दादा, पुस्तकासारखं. ते उघडायच्या आत ती आपली जागा धरते."

साहेबांना कळवलं: माझ्या निरीक्षणात असे आले आहे की, वगैरे. इंग्रजीत असंच लिहायची पद्धत आहे.

२५ ऑगस्ट, रविवार

दोन दिवसांची रजा टाकून भंडारदऱ्याला जाऊन आलो. मागे एकटा गेलो होतो तेव्हा काही मिळालं नव्हतं, म्हणून या वेळी दीनाला नेलं. संगमनेरपर्यंत मोटार, पुढे मिळेल ते वाहन, बाकी पाय. पावसात चिंब झालो. मी धरणाखालच्या उतारावरची झाडं वरपासून खालपर्यंत शिस्तीत बघत होतो. दीना एका झाडाच्या सावलीतल्या बाजूला जाऊन बसली आणि अर्ध्या तासात हाक मारली. ऊन लागत नाही त्या खालच्या फांद्यांवर रेघा होत्या, तीन झाडांवर. पण सगळ्या जुन्या, रिकाम्या. अळी केव्हाच निघून गेलेली.

तरी यादीत दुसरं ठिकाण आलं. जिवंत पतंग मात्र मिळाला तर कारभारीच्या बांधावरच मिळणार. साहेबांना लिहिलं की दुसऱ्या खेपेस माझ्या चिकाटीला यश आलं.

१५ सप्टेंबर, रविवार

आता झाडावर नवी वीण चालू आहे. ज्या पानाच्या चुणीत कोष दिसेल त्याच्या देठाला दीना लाल दोरा बांधते. हिरव्यात लाल लांबूनही दिसतो. कल्पना बरी आहे.

तिनं आज नगरच्या नर्सिंगचा विषय पुन्हा काढला. जानेवारीपासून वर्ग आहे, अर्ज दिवाळीच्या आत जायला हवा आणि सोबत पाळकांचा चालचलणुकीचा दाखला लागतो. पाळक देतो म्हणाले आहेत. माझ्याशी ते कसेही वागोत, तिच्याबद्दल त्यांचं मत चांगलं आहे. मी म्हटलं, आधी पतंग होऊ देत.

"पतंग ऑक्टोबरात होतील दादा. मी तेवीस वर्षांची झाले. पुढच्या वर्षी घेणार नाहीत."

बघू म्हटलं. ती गेल्यावर घर कोण बघणार, याचा विचार कुणीतरी करायला हवा ना.

२८ सप्टेंबर, शनिवार

शाळा सुटताना कारभारी दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, नदीकडचा आपटा पावसात पडला, ठावं हाय ना? यंदा दसऱ्याचं सोनं माझ्या बांधावरनं निगनार. तुमच्या त्या लाल दोऱ्याच्या पानांचं काय करायचं?"

दसरा पाच तारखेला. त्या दिवशी गाव शीव ओलांडून आपट्याची पूजा करतं आणि मग पानं लुटतं, ती सोनं म्हणून एकमेकांना देतं. झाडावर डहाळीसुद्धा राहत नाही. मी म्हटलं, झाड तुझं आहे, तू अडव.

"माझं कुटलं? शिवंवरचं झाड, गावाचं. मी आडवलं तर कोन ऐकतंय? पर आपल्या गावाची येक रीत हाय. पूजा झाल्यावर, पान तोडायच्या आदी, झाडाखाली हुबं राहून कुनी काय मागितलं तर गाव न्हाई म्हनत न्हाई. तुमी या. दोन फांद्या सोडा म्हना. बास."

"कारभारी, मी ख्रिस्ती माणूस आहे."

"मंग नारळ नका फोडू, हात नका जोडू. निस्तं हुबं ऱ्हावा."

नुसतं उभं राहा म्हणे. माझे वडील उभे राहत असत. बाप्तिस्म्याच्या आधीची गोष्ट. महारवाड्यातली माणसं दसऱ्याला त्या नदीकडच्या झाडापासून वीस पावलं लांब थांबायची. सगळ्या गावाचं लुटून झालं की उरलेल्या काटक्या त्यांच्याकडे फेकायचे, आणि मातीतून पानं वेचून त्यांनी त्याला सोनं म्हणायचं. वडील हे सांगताना हसत. मला कधी हसू आलं नाही. वडील ख्रिस्ती मंडळीत आले ते ओंजळ पसरावी लागू नये म्हणून, आणि त्यांच्या मुलानं आता धोतर-कोट घालून त्याच गावापुढे मागायला जायचं? पाळकांना कळलं तर ते वेगळंच.

दीनाला सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा मागायची सोय नव्हती. आता आहे, तर माग की."

तिनं ते दिवस पाहिले नाहीत. मीही पाहिले नाहीत म्हणा, पण मला ते सोसत नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

दोऱ्याची वीस पानं आधीच तोडून डबीत ठेवली होती. वाळली. कोष चपटे झाले, आत नुसती भुकटी. दीना म्हणते, देठ ओल्या वाळूत खोचून वर फडकं टाकू. पुन्हा बुरशी आणायची का? उरलेल्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं. झाडावरच राहिली तर पाचसात दिवसांत पतंग निघतील.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दोऱ्याची त्रेसष्ट पानं आहेत. आज दोनदा मोजली. उद्या दसरा.

संध्याकाळी जेवताना मी एवढंच म्हटलं की मला काही जाता येत नाही, पण पानं गेली तर सगळं गेलं. दीनानं विचारलं, "मग मी जाऊ?" कालवण खारट झालं होतं, मी तेवढंच सांगितलं.

५ ऑक्टोबर, शनिवार

दुपारपासून दारं लावून घरात बसलो. हलगी वाजत वाजत शाळेच्या मागे आली आणि तिथेच थांबली. स्तोत्रं वाचायला घेतली, एक ओळ डोक्यात शिरेना. दीना घरात नव्हती. कुठे गेली ते विचारायला कोणी नव्हतं.

दिवस कलताना आली. पदराची झोळी केलेली, आत पानं. लाल दोऱ्याची एक्केचाळीस.

ती तिथे पोचली तेव्हा लूट सुरू झाली होती. माझा होकार येईल म्हणून ती मागच्या ओट्यावर बसून राहिली होती म्हणे, म्हणून उशीर झाला. मग झाडाखाली जाऊन मोठ्यानं म्हणाली, लाल दोऱ्याची पानं मला द्या. आधी लोक हसले. मग कारभारीची बायको रंगुबाई पुढे झाली, तिच्याजवळ दोऱ्याचं एक पान होतं ते दीनाच्या हातावर ठेवून म्हणाली, "सोनं घे गं, सोन्यासारखी ऱ्हा." मग एकेक जण येत गेला. झाडावर चढलेलेही उतरून देत होते.

सांगताना तिचा चेहरा काही निराळाच दिसत होता. मी विचारलं, बावीस पानं कमी कशी?

ती परसात गेली, घमेल्यात वाळू भिजवली आणि एकेक देठ खोचत बसली. आज मी अडवलं नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निघाले! परवापासून आजपर्यंत नऊ पतंग. तांदळाच्या कणीएवढा जीव, चांदीसारखे पंख आणि त्यावर तांब्याची एक आडवी पट्टी. भिंगाखाली धरून कितीतरी वेळ बघत राहिलो. एक्केचाळीस वर्षांत असा आनंद मला झाला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. लिडिया मला क्षमा करो.

दीनाला हाक मारली, बघ म्हटलं. "बघितला," म्हणाली, "पहाटेच." आणि भाकऱ्या थापत राहिली.

आठ टाचून, कापसात घालून पुण्याला पाठवले. एक मी ठेवला.

२० ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर पाळकांनी पंच बसवले. पारखेंच्या घरून आपट्याच्या पूजेला कोण गेलं होतं? सोनं कुणी घेतलं?

मी म्हटलं, मी दारं लावून घरात होतो. हे खरं आहे. मी पाठवलं का, असं विचारलं. नाही म्हटलं. तेही खरं आहे. चार तारखेची नोंद आत्ता पुन्हा वाचून काढली, तिच्यात पाठवल्याचं कुठेही नाही.

दीनानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी माझी गेले."

पाळक म्हणाले, पुढच्या रविवारी मंडळीपुढे पाप कबूल कर आणि क्षमा माग, दाखला लिहून देतो. खरं तर यात अवघड काय होतं? दोन वाक्यं म्हणायची.

"पाप कसलं, पाळकसाहेब? मी कशाला हात जोडले नाहीत. बायकांनी हातावर पानं ठेवली, मी घेतली. कुणी फेकली नाहीत."

कृपादानांचा चेहरा उतरला. त्यांचे वडीलही त्याच महारवाड्यातले. पण पंच बसले होते, त्यांना माघार घेता येईना. दाखला मिळणार नाही, एक वर्ष चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकर आणि प्यालाही नाही.

मी मधे बोलायला हवं होतं की काय? पण शाळा मंडळीची, मी तिचा नोकर. नोकरी गेली असती तर साहेबांच्या लेखात माझ्या नावापुढे 'शिक्षक' तरी कसं लागलं असतं?

घरी येताना ती माझ्या पुढे चालत होती. एरवी मागे असते.

१० नोव्हेंबर, रविवार

दीना नगरला गेली. ज्या दवाखान्यात नर्स व्हायचं होतं तिथेच आया म्हणून लागली आहे. झाडलोट, भांडी, रोग्यांचं उचलणं टाकणं. त्या कामाला दाखला लागत नाही.

स्टेशनापर्यंत कारभारीनं गाडी जुंपली. रंगुबाई डोळे पुसत होती. मला यादीची स्वच्छ नक्कल करायची होती, म्हणून दारातूनच निरोप दिला. दीना पाया पडली, म्हणाली, "पीठ दळून ठेवलंय, आठ दिवस पुरेल."

तीच म्हणाली, 'माझी गेले.' मग मी कोणाला दोष देऊ?

९ फेब्रुवारी १९४७, रविवार

साहेबांचं विलायतेहून पत्र आलं. पतंग नवीन आहे. पारखे हे नाव ठरलं! लेख छापायला जायचा आहे, एका गोष्टीवाचून अडला आहे: मादी अंडं घालते ते पानाच्या वरच्या बाजूला की खालच्या, आणि नेमकं कुठे? माझ्या टिपणात दिवस आहेत, जागा नाही. तुम्ही तर प्रत्यक्ष पाहिलंच आहे, तेव्हा उलटटपाली कळवावं, म्हणतात.

तिन्ही वह्या चाळल्या. कुठेही नाही. ऑगस्टात एका सकाळी दीना फांदी वाकवून काहीतरी दाखवत होती खरी, आणि मी घंटेची वेळ झाली म्हणून मान हलवून निघून गेलो होतो.

तिला कार्ड टाकलं. इकडचं तिकडचं बरंच लिहिलं, शेवटी अंड्याचं विचारलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

दीनाचं उत्तर आलं. चारच ओळी:

"दादास नमस्कार. इथे पहाटे पाचला वॉर्डात हजर व्हावं लागतं. पानं बघणं आता होत नाही. अंड्याचं तू स्वतः पाहिलं आहेस, तुझ्या टिपणात असेल. तब्येतीला जप. दीना."

दोनदा वाचलं आणि संताप आला. एवढी एक ओळ लिहिली असती तर तिचा हात झिजला असता?

साहेबांना थांबवणं शक्य नाही. दुसऱ्या पतंगांबद्दल जे पुस्तकात आहे त्यावरून अंदाज केला आणि लिहून टाकलं: अंडे पानाच्या खालच्या बाजूस, मधल्या शिरेलगत. ऊन लागू नये म्हणून कुठलीही शहाणी मादी तिथेच घालील.

२० जुलै, रविवार

लेख छापून आला. सात पानं, गुळगुळीत कागद, पतंगाचं चित्र, आणि खाली लॅटिनमध्ये माझं नाव. ठिकाणं दोन: बेलापूरजवळची वाडी आणि भंडारदरा. साहेबांनी लिहिलं आहे की सगळी निरीक्षणं श्री. यशया पारखे यांची, आणि पहाटेच्या पहाटे झाडाखाली बसून राहण्याची त्यांची चिकाटी आदर्श आहे.

पाळकांनी व्यासपीठावरून वाचून दाखवलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. कारभारीनं वाटेत अडवून विचारलं, "मास्तर, छापलं म्हनं. दीनाताईचं बी नाव आलं का?" मी म्हटलं, इंग्रजीत आहे, तुला कळायचं नाही.

एक प्रत दीनाला पाठवावी म्हणून पाकीट केलं. पत्ता लिहिला. पाठवलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आज उपासनेला गेलो नाही. पहाटे झाडाखाली गेलो. या वेळी तिथे जायची माझी ही पहिलीच खेप. आपटा पुन्हा भरगच्च फुटला आहे. पानं अजून मिटलेली होती, हळूहळू उघडत गेली. चिखलात बूड भिजलं, डास चावले. दीना हे दोन महिने रोज करत होती, आणि वर घरी येऊन चहा ठेवत होती.

उजाडता उजाडता एक मादी आली. माझ्यापासून हातभर अंतरावर, नुकत्याच उघडलेल्या पानावर बसली. पानाच्या वरच्या बाजूला, दोन पाळ्या जिथे एकमेकींना मिळतात त्या खाचेत तिनं पोट टेकलं आणि उडाली. भिंग धरलं. पाण्याच्या बारीक थेंबासारखं अंडं. मग फांदीमागून फांदी वाकवून पाहत गेलो. सतरा अंडी पाहिली. सगळी वरच्या बाजूला, त्याच खाचेत. खाली एकही नाही.

घरी येऊन लेख काढला आणि अंड्याची ओळ शोधली. आता ती विलायतेतल्या पुस्तकालयांतून जाऊन बसली आहे. मी मेल्यावरही तिथेच राहणार, माझ्या नावाखाली.

पहिल्या पानापासून पुन्हा सगळं वाचलं. रेघ, कातडी कुरतडून बाहेर येणं, चुणीतला कोष, सावलीतल्या फांद्या, ओली वाळू. सात पानांत सगळं दीनानं पाहिलेलं आहे. माझं स्वतःचं असं त्यात एकच वाक्य आहे, आणि ते चूक आहे.